दुसरी आणि तिसरीची हजेरी

तुम्ही तिसरीपर्यंत आमच्याकडंच हजर होतात की, असं माझ्या वाडीवरच्या शाळेच्या मॅडम फोनवर म्हणाल्या तेव्हा माझ्या हातात एका म्हाताऱ्याचा अंगठा होता. जुन्नरच्या एसटी स्टँडसमोर सूरजभाऊचं सेवा केंद्र आहे, तिथं मी लोकांचे फॉर्म भरते. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे मशीनवर उमटत नाहीत, जन्मभर खुरपं धरून रेषाच गेलेल्या असतात. मग अंगठा ओल्या फडक्यानं पुसायचा, दाबून धरायचा, परत पुसायचा. मोबाइल खांद्यानं कानाशी दाबून मी तेच करत होते. मी म्हटलं, मॅडम, पहिली झाल्यावर मी वाडी सोडली, दोन हजार तेराच्या जूनमध्ये. दुसरीला मी इथं जुन्नरला होते, बालगृहात. तिकडून पानं उलटल्याचा आवाज आला. मॅडम म्हणाल्या, रजिस्टर माझ्यासमोर उघडं आहे, सोनल. तुम्ही दुसरी पास आहात, तिसरीही पास आहात, आणि नाव कमी केलंय दोन हजार पंधराच्या जूनमध्ये. मशीनवरचा दिवा हिरवा झाला. म्हातारा म्हणाला, उमटला का गं बाय. मी म्हटलं, उमटला बाबा.

आता हे नीट सांगते, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं पोरगी हुकली. मला नर्सिंगला जायचंय. जागा लागलीय, पण ती आदिवासींच्या राखीव जागांतली. तिला जातीचा दाखला लागतो, आणि जातीच्या दाखल्याला जिथं पहिल्यांदा नाव घातलं त्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा लागतो. शुक्रवारपर्यंत. गेल्या वर्षी याच कागदावाचून जागा गेली. यंदाही गेली तर, सूरजभाऊ म्हणतो तसं, बस जन्मभर अंगठे पुसत. बाप मी चार वर्षांची असताना गेला, त्याच्या नावाचा चिटोराही नाही. आई गेली. चुलता सोमाजी, त्याला फोन केला तर म्हणाला आमच्यात कोन शाळेत गेलंच न्हाई तर दाखला कुठला निघायचा. दिवसभर मी दुसऱ्यांचे शाळा सोडल्याचे दाखले स्कॅन करते, कोणाचा जन्म कधी, कोण कुठल्या इयत्तेतून गेला, वर्तणूक चांगली, सगळं मला तोंडपाठ. आणि माझं स्वतःचं काय लिहिलंय ते बघायला मला शाळांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच असावा. जुन्नरच्या शाळेतला कारकून म्हणाला, पालकांना घेऊन ये. मी म्हटलं मी एकोणीस वर्षांची आहे. तो म्हणाला असशील, पण विद्यार्थ्याचं रेकॉर्ड पालकालाच दाखवतात. कुठला पालक नेऊ? बालगृहातल्या बाई बदलून गेल्या. पुढं अकराव्या वर्षी बाल कल्याण समितीनं मला आळ्याच्या रखमाजी तात्या आणि कुशामावशीकडं सांभाळायला दिलं, पण तो आदेश अठरा वर्षांपुरता; मला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी मावशी कागदोपत्री माझी कोणी नाही राहिली. तरी ती आली. ठेवणीतली साडी नेसून, कांद्याची निवडणी टाकून, आळ्याहून दोन गाड्या बदलून आली आणि कारकुनासमोरच्या बाकड्यावर बसली. त्यानं विचारलं नातं काय लिहू. मावशी म्हणाली, सात वर्सं जेवाय घातलंय, त्याला काय म्हनत्यात ते लिव्हा. त्यानं मान खाली घालून "पालक" लिहिलं.

असं त्या शाळेतलं माझं पान मला बघायला मिळालं. मागील शाळेचा दाखला या रकान्यात नुसती रेघ होती, वाडीवरून दाखला कोणी आणलाच नव्हता. आणि दुसरीच्या नोंदींत बाईंच्या बारीक अक्षरात होतं: अबोल. वर्गात मिसळत नाही. विचारल्यास उत्तर देत नाही. मावशीनं मला वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, आत्ता बघा म्हनावं, तोंडाचा पट्टा थांबत न्हाई पोरीचा. मी हसले. खरं तर मला काही वाटलं नाही. मला बऱ्याच गोष्टींचं काही वाटत नाही, हे मी मावशीला सांगत नाही. चुलता मला एसटीनं जुन्नरला घेऊन आला त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की खिडकीच्या गजाला कोणीतरी लाल दोरा बांधला होता आणि तो मी सबंध रस्ता सोडवत होते. आईला टीबी होता. आई बरी झाली की न्यायला येईल, असं चुलता बालगृहाच्या दारात म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. पहिले काही दिवस मी फाटकाजवळ बसायचे, मग बसायची सवय राहिली आणि कशासाठी ते गेलं. दोन वर्षांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत, आम्हा मुलींना उवांचं औषध लावायला ओळीनं उभं केलं होतं, तेव्हा बाई माझ्या डोक्याला औषध चोळता चोळता म्हणाल्या, सोनल, तुझी आई गेली हं, तुझ्या काकांचा निरोप होता. मी हं म्हटलं. औषधाचा वास उग्र होता. कधी गेली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. केस धुतले, जेवले, झोपले. पुढं मोठी झाल्यावर मात्र आईच्या नावानं पोटभर खडे फोडले. दोन वर्षांत एकदा यायला काय झालं होतं. वाडीखालच्या डिंभ्याहून जुन्नर असं लांब ते किती? टीबीची माणसं काय एसटीत बसत नाहीत?

मॅडमनी मंगळवारी बोलावलं. त्यांचं नाव साधना, वाडीवरच्या शाळेत त्या दोनच वर्षांपूर्वी आल्या होत्या. फोनवर बऱ्या बोलल्या. म्हणाल्या, दोन्ही शाळांत एकाच वेळी नाव दिसतंय, असा उतारा दिला तर पुढं पडताळणीत कोणीही म्हणेल की ही ती सोनल नव्हेच, आणि तुमचा प्रवेश तर जाईलच, वर चौकशी लागेल. मार्ग एकच: त्या वेळच्या गुरुजींनी लिहून द्यायचं की हजेरी खोटी होती, मी लिहून द्यायचं की मी नव्हते, मग त्या पंचायत समितीत जाऊन दुरुस्तीची सही आणतील. गुरुजींना त्यांनी निरोप दिला होता. सावळाराम गुरुजी रिटायर होऊन घोडेगावला राहतात. सूरजभाऊला सुट्टी मागितली तर तो म्हणाला, अगं पटासाठी केलं असणार त्यानं, वीसच्या खाली पोरं गेली की शाळा बंद करायच्या बाता असतात, मास्तर लोक गेलेली पोरं पटावर ठेवतात, त्यात काय एवढं. त्यात काय एवढं, मीही म्हटलं. पण घोडेगावच्या गाडीत बसले आणि डोक्यात ती दुसरी सोनल येऊन बसली. जी गेलीच नाही ती. मी बालगृहाच्या फाटकाशी बसले होते तेव्हा ती वाडीवर बे चा पाढा म्हणत होती. मला पत्र्याच्या पेटीवर नंबर टाकून मिळाला तेव्हा ती आईच्या शेजारी गोधडीत झोपत होती, आईला खोकल्याची उबळ आली की पाण्याचा तांब्या देत होती. तिला कोणी न्यायला यायची वाट बघावी लागत नव्हती. ती मला अजिबात आवडली नाही. गाडीत एक बाई मला म्हणाली, सरक गं जरा, आणि मी असं काही तिच्याकडं पाहिलं की ती उभीच राहिली. नंतर मला लाज वाटली आणि मी सरकले. घोडेगाव गेलं, डिंभ्याला धरणाचं पाणी दिसायला लागलं, पाण्याकाठी जाळी वाळत घातलेली. इथून वर जीपनं जावं लागतं. जीपवाल्यानं विचारलं कुनाची तू, मी म्हटलं शाळेत काम आहे. बारा वर्षांनी येत होते आणि कुनाची याचं उत्तर मला तयार ठेवता आलं नव्हतं.

शाळा मला लहान वाटेल अशी माझी तयारी होती, सगळ्यांना तसंच वाटतं म्हणतात. ती होती तेवढीच वाटली. दोन खोल्या, पुढं व्हरांडा, कडेला स्वयंपाकाची पत्र्याची खोपी. मॅडमनी मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समोर गठ्ठा ठेवला. म्हणाल्या, एरवी दहा वर्षांपूर्वीची हजेरीपत्रकं आम्ही रद्दीत काढतो, पण या कपाटाची किल्ली हरवली होती, गेल्या महिन्यात कुलूप तोडलं, म्हणून हे राहिलं. मग त्या पोरांकडं गेल्या आणि मी माझं पान उघडलं. म्हणजे तिचं. दुसरीत उंची एकशे बारा, वजन सतरा. तिसरीत उंची एकशे अठरा, वजन एकोणीस. वाढत होती पोरगी. विशेष प्रगती: कविता तालासुरात म्हणते. परिसरातील बदलांविषयी कुतूहल दाखवते. स्वतःहून प्रश्न विचारते. मित्रांना मदत करते. आईबद्दल प्रेमाने बोलते. अशा नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात आणि मास्तर लोक त्यातून उतरून काढतात, हे मला चांगलं ठाऊक आहे, आमच्या केंद्रातच त्याच्या झेरॉक्स निघतात. तरी मी ते परत वाचलं. शेवटी, सुधारणा आवश्यक या रकान्यात होतं: शाळेत नियमित उपस्थित राहावे. तिथं मला हसू फुटलं. जी पोरगी शाळेतच नाही तिला नियमित यायला सांगणारा मास्तर म्हणजे कमालच म्हणायची. मोठ्यानं हसले असणार, कारण वर्गातली पोरं वळून बघायला लागली.

मग हजेरीपत्रक काढलं. मी लोकांचे कागद बघून बघून एक शिकलेय, खोटा कागद फार गुळगुळीत असतो. खोटी हजेरी लावणारा सबंध महिना ह, ह, ह करत सुटतो. हे तसं नव्हतं. सोनलच्या ओळीत आठवड्यात चार ह, मग दोन गै. पावसाळ्यात सलग आठ दिवस गै. दिवाळीनंतर चांगली आली होती, महिनाभर एकही खाडा नाही. पुढच्या वर्षी खाडे वाढले. डिसेंबरात निम्मे दिवस. बाकीच्या एकोणीस पोरांची हजेरी शेजारी ठेवून बघितली, एकाशीही जुळेना. म्हणजे उतरून काढलेली नव्हती. रोज कोणीतरी बघून लावली होती. कुठल्या पोरीला बघून?

सावळाराम गुरुजी बाराच्या सुमाराला आले, नातवाच्या मोटरसायकलवर मागं बसून. मला वाटलं होतं माणूस सारवासारव करेल. त्यांनी पिशवीतून लिहून आणलेला कागद काढला आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला: सदर विद्यार्थिनीची दोन वर्षांची हजेरी मी खोटी लावली, त्यास मी स्वतः जबाबदार आहे. खाली सही. मॅडम म्हणाल्या, गुरुजी, पेन्शनचा काही त्रास झाला तर. ते म्हणाले होऊ दे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, तू पाठ कर जरा. मी पाठ केली. म्हणाले, हां, तुझ्या आईचीच, चिमाबाईचीच. तसाच खांदा वाकडा. मला राग आला. इतका वेळ काही न वाटल्यावर एकदम राग आला, आणि तो आल्याचं बरंही वाटलं. मी म्हटलं, गुरुजी, पटासाठी मला वापरलंत ते ठीक, माझं काय जातंय, पण मग हे खाडे कसले मांडलेत.

"आधी पटासाठीच ठिवलं व्हतं," गुरुजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू. तुला नेलं आन आमी एकोनीस उरलो. मंग तुझी आई आली. म्हनली, गुरुजी, पोरीचं नाव काढू नका. नाव काढलं तर ती हितली न्हाई राह्यची. मी म्हनलं ठिवतो."

ते व्हरांड्यात माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि पुढचं सांगितलं. आईला वाडीत कोणी घरात घेत नव्हतं, आजाराला लोक भीत होते. चुलत्यानं भाकरी बंद केली होती. दवाखान्यातल्या गोळ्या कडक, उपाशी पोटी घेतल्या की ओकायची. शाळेत ज्या पोराची हजेरी लागते त्याच्या नावाचा तांदूळ शिजतो. माझं नाव होतं, मी नव्हते. तर मधल्या सुट्टीत ती घरनं ताटली घेऊन यायची आणि इथं, त्या खोपीच्या मागच्या अंगाला बसून माझ्या वाटणीची खिचडी खायची. मग गोळी घ्यायची. दोन वर्षं. घरापासून शाळेपर्यंतच तिला चालवायचं, मध्ये तीन वेळा बसून. जीपच्या रस्त्यापर्यंत उतरणं तिला पुढं कधी जमलंच नाही. जुन्नरला जायचं म्हणून एकदा निघाली होती, तर ओढ्यापासून दोघांनी उचलून परत आणली. गुरुजी म्हणाले, खोटी हजेरी लावायची तर माज्या जिवाला एवढंच, की तुझ्या नावावर कुनीतरी आलं पायजे. ती आली की ह. न्हाई आली की गै.

पोरं हात धुवायला नळावर भांडत होती. दोन वर्षं आई बरी झाली की येईल म्हणून मी फाटकाशी बसले होते आणि दोन वर्षं आई रोज माझ्या शाळेत येत होती. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की मी नाही म्हणून ती जेवली. मी परत आले असते तर खिचडी मला मिळाली असती. यावर रडावं की काय करावं ते माझ्या अंगाला कळेना. मला कुशामावशीची आठवण आली, नुसतीच.

उठून आत गेले आणि हजेरीपत्रकाचा शेवटचा महिना काढला. आता ते वाचता येत होतं. पावसाळ्यातले आठ गै म्हणजे आठ दिवस ती निसरड्यातून चढू शकली नव्हती. दिवाळीनंतरचा सबंध महिना म्हणजे गोळ्या लागू पडल्या होत्या, बरी होत होती. कदाचित तेव्हाच मला आणायचं मनात असेल. पुढच्या वर्षीचा डिसेंबर वाईट. जानेवारीत सात दिवस. फेब्रुवारीत चार. मार्चमध्ये होळीच्या आधी दोन, होळीनंतर एक: अकरा मार्च दोन हजार पंधरा. त्याच्यापुढं गै, गै, महिनाअखेरपर्यंत गै, एप्रिलभर गै, आणि जूनच्या पानावर नाव नाही. बाहेर येऊन गुरुजींना विचारलं, गेली कधी? ते म्हणाले, त्याच शनिवारी. चौदाला. मला उन्हाळ्यात सांगितलं होतं. माझ्या एकोणीस वर्षांत मला आईची तारीख कोणी दिली नव्हती, आणि ती माझ्याच हजेरीत होती, कुलपात.

मॅडमनी कोरा कागद पुढं केला. अर्ज लिहायला मला कोणाला विचारावं लागत नाही. दिवसाला वीस लिहिते. सदर कालावधीत मी उपरोक्त शाळेत हजर नव्हते, तरी माझ्या नावे असलेल्या दुसरी व तिसरीच्या सर्व नोंदी रद्द करण्यात याव्यात, ही विनंती. अक्षर चांगलं आलं. मॅडम म्हणाल्या, रजिस्टरवर आणि हजेरीवर दोन्हीकडं मला तांबड्या शाईनं रेघ मारून रद्द लिहावं लागेल, तेव्हाच उतारा देता येईल. तुला वेळ हवाय का? त्या तू म्हणाल्या ते मला बरं वाटलं. म्हटलं, वेळ शुक्रवारपर्यंतच आहे. मी सही केली. त्यांनी पट्टी ठेवली आणि एका एका महिन्यावरून रेघ ओढत गेल्या, मी पानं उलटून दिली. जून, जुलै, ऑगस्ट. दिवाळीनंतरचा तो चांगला महिना आला तेव्हा त्यांचा हात थांबला आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, ओढा मॅडम. शेवटी मार्च आला. अकरा तारखेवरून रेघ गेली. रेघेखाली ह दिसत होता, पण तो आता रद्द होता.

पंचायत समितीची सही आणून उतारा गुरुवारी देते, असं मॅडम म्हणाल्या. म्हणजे प्रवेश होईल. मी थँक्यू म्हटलं, गुरुजींच्या पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि काढायचा विसरले. जीपला अजून वेळ होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, अकरा मार्चला काय होतं जेवायला. असा प्रश्न कोणी विचारतं का? पण त्यांनी विचारही केला नाही.

"बुधवार व्हता. बुधवारी वाटाणाभात," गुरुजी म्हणाले. "ती वाटाणं येचून ताटलीच्या कडंला ठिवायची. दर बुधवारी. मी म्हनायचो, चिमाबाई, खा की, ताकद यील. तर म्हनायची, ऱ्हाऊ द्या, पोरीला लई आवडत्यात."

मला वाटाणे आवडायचे, हे मला माहीत नव्हतं.